आवाजांची जोडणी

विद्यार्थी मित्रांनो, सायखेड्याच्या आसपास गोदाकाठच्या द्राक्षबागांमध्ये छोटे ट्रॅक्टर तुम्ही नेहमी पाहता. सकाळी ट्रॅक्टरमागे औषध फवारणारा ब्लोअर असतो. फवारणी संपली की ब्लोअर सोडतात आणि त्याच ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडतात. नांगरणीच्या दिवसांत त्याच जागी पलटी नांगर येतो. ट्रॅक्टर एका मोठ्या कारखान्यात तयार झालेला असतो, ब्लोअर दुसऱ्या कारखान्यात, आणि नांगर तर एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये. या तिन्ही वस्तू बनवणाऱ्यांची कधी भेटही झालेली नसते. तरीही नांगर ट्रॅक्टरला बरोबर बसतो. असे कसे होते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का?

उत्तर ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला आहे. तेथे तीन ठिकाणी अवजार अडकवण्याची सोय असते आणि एक दांडा फिरत असतो. त्या दांड्याला शेतकरी पीटीओ म्हणतात. तीन टोकांमध्ये किती अंतर असावे, पिनेची जाडी किती असावी, दांड्याने मिनिटाला किती फेरे घ्यावेत, हे सारे आधीच ठरलेले आहे. मिनिटाला ५४० फेरे हा त्यातला सर्वांत रुळलेला वेग होय. ही मापे जगभर मान्य झाली आहेत. म्हणून नांगर बनवणाऱ्या कारागिराला अख्खा ट्रॅक्टर बनवावा लागत नाही. तो आपले सारे कौशल्य नांगरावर खर्च करतो. ठरलेल्या मापाची जोडणी त्याचा नांगर प्रत्येकाच्या शेतात पोहोचवते.

मोबाइल फोनमधल्या आवाजाचीही अशीच जोडणी करता येते. ती कशी चालते, ती करताना कोणत्या अडचणी येतात आणि ती टिकवायला काय लागते, हे आपण या पाठात पाहू.

समजा, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तुम्हाला एक समूहगीत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे आहे. वर्गातल्या पंख्याची घरघर त्यात येते. ती काढून टाकायची आहे. आवाज थोडा सभागृहात घुमल्यासारखा हवा आहे. शिवाय गाणाऱ्यांनी सूर सोडू नये म्हणून मागे तंबोरा वाजत राहायला हवा. आता घरघर काढणारे अ‍ॅप एकाने बनवले आहे, आवाज घुमवणारे दुसऱ्याने आणि तंबोऱ्याचे तिसऱ्याने. ध्वनिमुद्रणाचे अ‍ॅप तर चौथ्याचेच आहे. ही चार अ‍ॅप एकमेकांशी बोलत नसतील, तर तुम्ही काय कराल? गाणे एका अ‍ॅपमध्ये जतन कराल, ते दुसऱ्यात उघडाल, पुन्हा जतन कराल, मग तिसऱ्यात न्याल. गाता गाता परिणाम ऐकण्याची सोय उरणार नाही. एक ओळ बदलायची ठरली तरी सारी यातायात पहिल्यापासून करावी लागेल.

यावर एक उपाय असा की ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपनेच ही सगळी कामे करावीत. परंतु मग ते अ‍ॅप बनवणाऱ्याला घरघर काढण्याचे गणितही यायला हवे आणि तंबोऱ्याचे ज्ञानही हवे. असा माणूस विरळा. मोठी कंपनी हे सारे करू शकेल, पण ज्याच्याकडे फक्त एकच उत्तम कल्पना आहे त्याला दारातून आतच येता येणार नाही.

दुसरा उपाय ट्रॅक्टरसारखा. ध्वनिमुद्रणाचे एक मुख्य अ‍ॅप असावे आणि बाकीची कामे करणारे लहान लहान प्रोग्राम त्याला जोडता यावेत. अशा जोडल्या जाणाऱ्या प्रोग्रामला प्लगइन म्हणतात. मुख्य अ‍ॅप म्हणजे ट्रॅक्टर, प्लगइन म्हणजे अवजार. मात्र दोघांमध्ये मापे ठरलेली हवीत. लोखंडाच्या जोडणीत अंतर आणि जाडी ठरवतात. आवाजाच्या जोडणीत काय ठरवायचे?

त्यासाठी फोनमध्ये आवाज कोणत्या रूपात असतो ते आधी समजून घेऊ. तुम्ही गाता तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. मायक्रोफोन त्यांचे विजेत रूपांतर करतो. फोन या विजेचे माप एका सेकंदात हजारो वेळा घेतो आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहून ठेवतो. संगीताच्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात. फोनमध्ये बहुधा ४८,००० मापे घेतात. म्हणजे तुमच्या गाण्याचा एक सेकंद फोनच्या दृष्टीने ४८,००० आकड्यांची एक लांबलचक रांग असते.

हे आकडे एकेक करून पाठवणे फार महागात पडते. म्हणून त्यांचे लहान लहान गट करतात. प्रत्येक गटाला आपण एक डबा म्हणू. एका डब्यात २४० आकडे भरले, तर सेकंदाला २०० डबे होतात, आणि एक डबा सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढा, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा असतो. मुख्य अ‍ॅप डबा प्लगइनकडे देते. प्लगइन त्यातल्या आकड्यांवर आपले गणित करते आणि डबा परत करते. पुढचा डबा येण्याआधी हे काम संपलेच पाहिजे. थोडासा उशीर झाला, तरी आवाजात खंड पडतो आणि कानाला ‘टक’ असा आवाज ऐकू येतो. म्हणून जोडणीचा पहिला नियम वेळेचा आहे. डबा हातात असताना प्लगइनने दुसरे कोणतेही रेंगाळणारे काम करू नये. फाइल उघडत बसू नये, इंटरनेटवरून काही येण्याची वाट पाहू नये.

तुम्ही म्हणाल, डबा मोठा केला तर काय बिघडले? तसे केले तर प्लगइनला वेळ जास्त मिळेल, हे खरे. पण मग तुम्ही गायलेला सूर तुमच्याच कानात उशिरा पोहोचेल. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा तबलावादक साडेतीन मीटर अंतरावर बसल्यासारखा आहे. तेवढे चालते. पण १०० मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर तबलावादक ३४ मीटर दूर, शाळेच्या मैदानाच्या पलीकडे बसल्यासारखा होतो. त्याच्याबरोबर ताल कसा धरणार? अँड्रॉइड फोनमध्ये हा उशीर पूर्वी पुष्कळच होता. गुगलने २०१७ साली अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीत आवाजासाठी नवा जलद मार्ग दिला, तो याच कारणासाठी.

दुसरा नियम खुंट्यांचा आहे. तंबोऱ्याला खुंट्या असतात, तशा प्लगइनलाही असतात. तंबोऱ्याच्या प्लगइनमध्ये पट्टी कोणती, काळी एक की पांढरी चार, हे ठरवण्याची एक खुंटी असेल. पहिली तार पंचमाची की मध्यमाची, यासाठी दुसरी असेल. वेग आणि आवाजाची पातळी यांसाठी आणखी दोन. मुख्य अ‍ॅपला या खुंट्या ओळखता आल्या पाहिजेत. म्हणून प्रत्येक खुंटीला एक क्रमांक देतात आणि तिचे सर्वांत कमी व सर्वांत जास्त मूल्य सांगून ठेवतात. एकदा दिलेला क्रमांक पुढे कधीही दुसऱ्या खुंटीला द्यायचा नाही. दिला, तर सहा महिन्यांपूर्वीचे तुमचे गाणे उघडल्यावर वेगाच्या जागी पट्टीच बदललेली असेल आणि सारे गाणे बेसूर होईल.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खुंटीचा क्रमांक वेगळा आणि तिचे नाव वेगळे ठेवले, तर नाव कोणत्याही भाषेत दाखवता येते. एकच खुंटी मराठी मुलाला मराठीत आणि तुम्हाला उर्दूत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली दिसू शकते. आतला क्रमांक मात्र तोच राहतो. जोडणी ठरवणाऱ्यांनी याचा विचार आधी केला नाही, तर अशी सोय नंतर करणे फार कठीण जाते.

तिसरा नियम घरांचा आहे, आणि मोबाइलमध्ये खरी अडचण येथेच येते. संगणकावर प्लगइनची पद्धत जुनी आहे. जर्मनीतील स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली. इतर कंपन्यांनाही तिच्यासाठी प्लगइन बनवण्याची मुभा मिळाली आणि ती जगभर पसरली. संगणकावर प्लगइन बहुधा मुख्य प्रोग्रामच्या घरातच येऊन राहते. एकाच घरात असल्यामुळे डब्यांची देवघेव सोपी होते. पण प्लगइन बिघडले, तर कधी कधी सारे घरच कोसळते.

मोबाइलमध्ये प्रत्येक अ‍ॅपचे घर वेगळे असते आणि मध्ये भक्कम भिंत असते. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. हे आपल्या सुरक्षिततेसाठीच आहे. नाहीतर एखादे खेळाचे अ‍ॅप तुमचे निरोप वाचत बसेल. पण या भिंतीमुळे आवाजाचे डबे पलीकडे जाणार कसे? त्यावर युक्ती अशी, की दोन घरांच्या मध्ये एक सामाईक ओटा बांधायचा. एकाने डबा ओट्यावर ठेवायचा आणि घंटी वाजवायची. दुसऱ्याने तो तेथेच दुरुस्त करायचा आणि परत घंटी वाजवायची. डबा उचलून इकडून तिकडे नेण्याची गरज पडत नाही, म्हणून वेळ वाचतो. एकाचे घर कोसळले, तरी दुसऱ्याचे उभे राहते. संगणकाच्या भाषेत या ओट्याला सामाईक स्मृती म्हणतात.

आयफोन आणि आयपॅडवर अशी जोडणी टप्प्याटप्प्याने झाली. २०१२ च्या डिसेंबरमध्ये ऑडिओबस नावाचे अ‍ॅप आले. एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्यात नेण्याची सोय त्याने करून दिली. हे काम अ‍ॅपल कंपनीने नव्हे, तर बाहेरच्या अ‍ॅप बनवणाऱ्यांनी केले होते. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, अ‍ॅपलने इंटर-अ‍ॅप ऑडिओ ही स्वतःची पद्धत आणली. २०१५ साली ऑडिओ युनिट ही प्लगइनची पद्धत संगणकावरून आयफोनवर आली. त्यानंतर २०१९ साली अ‍ॅपलने इंटर-अ‍ॅप ऑडिओ ही पद्धत कालबाह्य झाल्याचे जाहीर केले. ज्यांनी आपली अ‍ॅप त्या जोडणीवर उभी केली होती, त्यांना आपले काम नव्या पद्धतीवर न्यावे लागणार होते.

अँड्रॉइडची गोष्ट वेगळी आहे. आपल्या गावात बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोनच असतो. पण गुगलने अँड्रॉइडमध्ये प्लगइनची अशी सर्वसामान्य जोडणी दिलेली नाही. मग ती कोणी करायची? जपानमधील आत्सुशी एनो नावाच्या प्रोग्रामरने हे काम हाती घेतले. त्यांच्या प्रकल्पाचे नाव ‘ऑडिओ प्लगइन्स फॉर अँड्रॉइड’ असे आहे. तो मुक्त प्रकल्प आहे, म्हणजे त्याचा सारा कोड कोणालाही वाचता येतो, वापरता येतो आणि सुधारताही येतो. वर सांगितलेली सामाईक ओट्याची युक्ती त्यात वापरली आहे. लिनक्सवर चालणाऱ्या एलव्ही२ या मुक्त पद्धतीची प्लगइन्स अँड्रॉइडवर आणण्याची वाटही त्यांनी तयार केली. अशा कामात यश मिळणे एकट्याच्या हातात नसते. जोडणी कितीही चांगली असली, तरी मुख्य अ‍ॅप बनवणाऱ्यांनी आणि प्लगइन बनवणाऱ्यांनी ती स्वीकारायला हवी. अवजारे नसतील तर ट्रॅक्टरच्या जोडणीचा उपयोग काय? आणि ट्रॅक्टरच नसेल तर अवजारे कोण बनवील?

तेव्हा, मित्रांनो, मूळ प्रश्न यंत्राचा नसून विश्वासाचा आहे. जोडणी हा एक करार असतो. तो कोणाच्या हातात आहे, यावर त्याचे आयुष्य ठरते. व्हीएसटीच्या जुन्या आवृत्तीसाठी नवे परवाने देणे स्टाइनबर्गने २०१८ साली थांबवले. कंपनीला तसा अधिकार होता. परंतु त्यानंतर नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी ते दार बंद झाले. याच्या उलट मिडी या कराराचे उदाहरण पाहा. एका वाद्याने दुसऱ्याला ‘अमुक स्वर इतक्या जोराने वाजव’ असे सांगण्याची ही पद्धत १९८३ साली आली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी हे बाजारात एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. तरीही दोघांनी पुढाकार घेतला आणि इतर कंपन्यांना बरोबर घेऊन एकच करार ठरवला. त्यासाठी दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्या पहिल्या वर्षी बनलेले मिडीचे वाद्य आजच्या संगणकालाही जोडता येते. करार एकट्याच्या मालकीचा नसला की तो एकट्याच्या मर्जीने मोडतही नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाकडे वळू. सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंबोरे आणि सतारी बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथील शिकलगार घराणी पूर्वी तलवारी आणि इतर शस्त्रे बनवीत व त्यांना धार लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनी तेथे तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली. पुढे कित्येक पिढ्यांनी हा हुन्नर सांभाळला. पंढरपूर आणि मंगळवेढा भागातून येणाऱ्या मोठ्या भोपळ्यांपासून ही वाद्ये बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक बारीक सुती धागा सरकवतात. त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे? जीव! तो योग्य जागी बसला की तार भरभरून बोलू लागते. घोडीचा पृष्ठभाग घासून हा गुंजणारा आवाज साधण्याच्या कामाला जवारी काढणे म्हणतात. हे काम पुस्तकात वाचून येत नाही. ते हाताला आणि कानाला वर्षानुवर्षे शिकवावे लागते.

अशा एका चांगल्या तंबोऱ्याचा आवाज कोणी नीट ध्वनिमुद्रित केला आणि त्याचे प्लगइन बनवले, असे समजा. जोडणी सामाईक असेल, तर हे काम एकदाच करावे लागेल. मग तो तंबोरा सायखेड्यातल्या मुलीच्या फोनमध्ये वाजेल आणि दुबईत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या फोनमध्येही वाजेल. जोडणी नसेल, तर प्रत्येक अ‍ॅपसाठी तेच काम पुन्हा करावे लागेल. मोठ्या कंपन्या तेवढा खर्च फक्त त्यांच्या फायद्याच्या वाद्यांवर करतील. पियानो आणि गिटार सगळीकडे मिळतील. तंबोरा, संबळ आणि चौंडके यांची पाळी केव्हा येईल, कोण जाणे!

मात्र त्याबरोबर एक जबाबदारीही येते. ज्याने वाद्य बनवले आणि ज्याने ते वाजवले, त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा आवाज घेऊ नये. त्यांचा मोबदला आणि त्यांचे नाव त्यांना मिळाले पाहिजे. आयफोनच्या पद्धतीत प्रत्येक प्लगइनला चार-चार अक्षरांच्या तीन खुणा असतात. त्यांपैकी एक खूण निर्मात्याची असते. पण ती सहसा प्रोग्राम बनवणाऱ्याची असते. जवारी काढणाऱ्या कारागिराचे नाव लिहिण्याची जागाही करारात ठेवता येईल. एक ओळ वाढेल, एवढेच. ती ओळ लिहायची की नाही, हे यंत्र ठरवत नाही. माणसे ठरवतात.

‘आवाज’ हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. दोन्ही भाषांनी तो फारसीतून घेतला, आपापल्या लिपीत लिहिला आणि आपलासा केला. त्यासाठी कोणत्याही भाषेला आपले घर सोडावे लागले नाही. फोनमधल्या अ‍ॅपांनाही ते सोडावे लागत नाही. प्रत्येकाचे घर ज्याचे त्याला राहते. मधला ओटा तेवढा सगळ्यांनी मिळून बांधायचा आणि सगळ्यांनी मिळून राखायचा असतो. उद्या तुमच्यापैकी कोणी प्रोग्राम लिहायला शिकेल. त्या वेळी ‘माझे अ‍ॅप काय काय करते?’ हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारालच. त्याच्या जोडीला ‘माझ्या अ‍ॅपला दुसऱ्याचे काम जोडता येते का?’ हाही प्रश्न जरूर विचारा.

स्वाध्याय

१. लहान वर्कशॉपमध्ये बनलेला नांगर कोणत्याही ट्रॅक्टरला का बसतो?

२. एका डब्यात ४८० आकडे भरले, तर सेकंदाला किती डबे होतील? एक डबा किती मिलिसेकंदांचा होईल?

३. ‘सामाईक ओटा’ म्हणजे काय? त्यामुळे कोणते दोन फायदे होतात?

४. मिडी हा करार इतकी वर्षे का टिकला असावा? तुमच्या शब्दांत लिहा.

५. तंबोऱ्याच्या आवाजाचे प्लगइन बनवताना कोणाकोणाची नावे लिहावीत, असे तुम्हाला वाटते? का?

६. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. त्यांचा वाक्यांत उपयोग करा.